दाढांवरचं हसू

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या कचेरीला माणसं कमी पडली, आणि नांदेडहून मी स्वतः बदली मागून घेतली. आमच्या शाखेतल्या लोकांनी त्याचे नाना अर्थ काढले. कुणी म्हणालं, नव्या जिल्ह्यात बढती लवकर मिळते. कुणी म्हणालं, बायकोशी पटत नसेल. नव्या जिल्ह्यात ना धड इमारत होती ना पुरेसं पाणी, पावसानं तर सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. अशा गावी आपणहून जाणारा माणूस एक तर फार हुशार असतो किंवा वेडा, आणि माझ्या हुशारीबद्दल कुणाचा गैरसमज नव्हता. खरं कारण साधं होतं. नांदेडात मला सगळे ओळखत होते. माझा आधीचा चेहरा त्यांनी पाहिलेला होता.

आदल्या वर्षी माझ्या डाव्या कानात नागीण उठली. कानाच्या आतल्या बाजूला बारीक पाणीदार फोड, आणि ठणका असा की भिंतीला डोकं टेकवून बसून राहावं लागे. नागीण म्हटलं की आमच्याकडे गेरू लावतात. तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळू द्यायचं नाही, मिळालं तर माणूस हाती लागत नाही, असं सगळे सांगतात. शेजारच्या गल्लीतल्या एक बाई गेरू लावण्यात नावाजलेल्या होत्या. त्यांना कमरेवरची, छातीवरची नागीण ठाऊक. कानातली कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हे काही त्यांना दिसेना. शेवटी त्यांनी कानाभोवती, मानेवर, गालावर मिळेल तिथं गेरूचं कडं ओढलं. "आता कुठं जाती बघू," म्हणाल्या. मी तसाच रंगलेला कचेरीत गेलो. नागीण मात्र आत, नसेत गेली.

एका सकाळी चूळ भरत होतो, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपसूक गळून सदऱ्यावर आलं. मला वाटलं, झोप उतरली नसेल. आरशात पाहिलं, तर तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा गाल ओघळलेला आणि डावा डोळा सताड उघडा. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या होत्या. तोच विषाणू इतकी वर्षं नसेत दडून बसला होता आणि आता चेहरा हलवणाऱ्या नसेवर उलटला, असं ते म्हणाले. मी विचारलं, गेरूच्या नादात उशीर झाला का? ते म्हणाले, लवकर आला असता तरी मी छातीठोकपणे काही सांगितलं नसतं. काहींची नस परत येते, काहींची येत नाही. माझी आली नाही.

मग उपाय सांगणारे सुरू झाले. जायफळ तोंडात धरा. कबुतराच्या रक्तानं चोळा. वारं गेलंय, वाऱ्याच्या देवाला नारळ बोला. शाखेतला एक जण तर रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहून, मान तिरकी करून निरखायचा आणि म्हणायचा, "आज जरा सरळ वाटतंय." त्याच्या डोक्यात शाईची दौत घालावी असं मला रोज वाटे. लोकांचा हेतू चांगला होता हे मला कळत होतं, पण चांगल्या हेतूचा इतका जाच होतो हे त्याआधी माहीत नव्हतं.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते दुसरंच.

आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. एकुलती एक, आणि माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. मी कचेरीतून आलो की सायकल भिंतीला टेकवायच्या आत ती दांडीवर बसलेली असायची. एका उन्हाळ्यातल्या दुपारी मी खाटेवर पडलो होतो. झोपेत माझा उजवा डोळा मिटायचा, डावा उघडाच राहायचा. ती बालवाडीतून पाटी घेऊन आली. पाटीवर हत्ती काढला होता. माझा डोळा उघडा बघून तिला वाटलं, बाबा जागे आहेत. तिनं हत्ती दाखवला, त्याची सोंड दाखवली, वर कोण बसलंय तेही सांगितलं. मी काही बोललो नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग ती अगदी जवळ आली आणि तिनं त्या डोळ्यात वाकून पाहिलं. तिच्या किंचाळण्यानं मी दचकून उठलो आणि तिला धरायला गेलो. तेव्हा माझं तोंड आणखीच ओढलं गेलं असणार. ती माझ्या हातातून सुटली आणि स्वयंपाकघरात आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

त्या दिवसापासून ती माझ्याकडे येईना. बाबा म्हणायची, पण दाराच्या पलीकडून. बोलावलं तर आईचं बोट धरून यायची आणि माझ्या शर्टाच्या गुंडीकडे बघून उत्तर द्यायची. मी बायकोला म्हटलं, लेकरू आहे, विसरेल. ती म्हणाली, "अहो, रोज समोर असल्यावर विसरेल कशी?" तिच्या मनात टोचून बोलायचं नव्हतं, ती तशी बाईच नाही. पण मी त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज टाकला. बायको शाळेत शिक्षिका, तिला नांदेड सोडता येण्यासारखं नव्हतं, हे कारण सांगायलाही बरं होतं. मला एकच हवं होतं. पोरीनं पुन्हा आपल्या पायांनी माझ्याजवळ यावं. आणि त्यासाठी मी तिच्यापासून लांब गेलो.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या बाजूला एका आडत व्यापाऱ्याच्या घरी मागची खोली मिळाली. मालक लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज सगळ्या गल्लीला पुरेल एवढा. सगळे त्यांना आप्पा म्हणत. गल्लीत टँकर आला की बायका-माणसांची झुंबड उडे. मी घागर घेऊन उभा राहिलो, की लोक तोंडाकडे बघत राहत आणि माझी घागर मागे पडे. आप्पांनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या हौदातली एक घागर माझ्या दाराशी येऊ लागली. त्या दिवसांत घागरभर पाणी देणं म्हणजे काय, हे त्यांनाच माहीत.

आप्पांना थट्टेची फार सवय. पहिल्याच आठवड्यात ओट्यावर बसून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्यावानी तोंड आमच्या धंद्यात पायजे बघा. आमी भाव रुमालाखाली बोटं धरून करतो. बोटं बोलतेत आन तोंड गप ठिवावं लागतं. मला अर्धा जलम लागला तोंड गप ठिवायला. तुमाला आयतंच मिळालं."

मी हसलो. उजव्या बाजूनं हसलो, डावी बाजू बसून राहिली. आप्पांनी पटकन रस्त्याकडे पाहिलं. पुढे ते मला नेहमी हसवायचे आणि मी हसलो की दुसरीकडे बघायचे.

कचेरीत मला टंचाईच्या टेबलावर बसवलं होतं. गावोगावचे लोक यायचे, टँकर मागायला, कामं मागायला. एकदा मुरुडच्या पलीकडल्या गावातून दहा-बारा जण आले. पुढे एक म्हातारी. तिनं सांगितलं, विहीर खरवडून झाली, लेकी-सुना दोन गावं ओलांडून पाणी आणतात, एक सून घागरीसकट पडली आणि पोटातलं मूल गेलं. मी म्हटलं, मावशी, तहसीलमधून प्रस्ताव आला की लगेच वर पाठवतो. खरोखर कळवळून म्हटलं. पण मी बोलायला लागलो की तोंड उजवीकडे वर चढायचं आणि नवख्या माणसाला ते कुत्सित हसण्यासारखं दिसायचं.

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मग मागे वळून तिच्या माणसांना म्हणाली, "आमी रडून राहिलो आन ह्यो बाबा हसून राहिलाय."

"मावशी, मी हसत नाही," मी म्हणालो, आणि म्हणतानाही तोंड वर गेलं.

"न्हाई कसं? दिसतंय की. तुमाला पानी हाय, तुमी हसा."

तिच्याबरोबरचा एक तरुण टेबलावर हात आपटायला पुढे झाला. शिपायानं आवरलं. साहेब बाहेर आले, त्यांनी लोकांना समजावलं आणि दुसऱ्या दिवशी मला आतल्या खोलीत जावक टपालाच्या टेबलावर नेऊन बसवलं. साहेब भला माणूस होता. "तुम्हालाच त्रास होतो," म्हणाले. मला त्रास होत होता हे खरं, पण म्हातारीला झाला तो अधिक. तिच्या सुनेबद्दल ऐकून मला रात्रभर चैन पडली नव्हती, आणि ती मात्र गावभर सांगत असणार की लातूरच्या कचेरीत एक जण आपल्या मरणावर हसतो.

आतल्या खोलीत खिडकी नव्हती. पाकिटांना डिंक लावायचा, तिकिटं चिकटवायची, शिक्का मारायचा. दिवसभरात बोलायची वेळ येत नसे. संध्याकाळी खोलीवर येऊन स्टोव्हवर पिठलं टाकायचं आणि दार लावून घ्यायचं. मला फार एकटं वाटायचं. नांदेडला लोक बघतात म्हणून इथं आलो होतो, इथं कुणी बघत नाही म्हणून जीव नकोसा झाला. माणसाच्या मनाला नेमकं काय पाहिजे असतं, ते त्याचं त्यालाच विचारावं.

सुट्टीच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं नांदेडला जायचो. अहमदपूर, लोहा, दोन्ही बाजूंना करपलेली रानं आणि खिडकीतून येणारी धूळ. मिटता न येणाऱ्या डोळ्याला धुळीइतका वैरी नाही. मी त्यावर रुमाल बांधायचो, म्हणजे शेजारचा प्रवासी हमखास विचारायचा, डोळे आलेत का, आणि सरकून बसायचा. घरी पोहोचलो की पोरीला रेवड्यांची पुडी द्यायचो. ती आईच्या हातून घ्यायची. रविवारी दुपारी परत निघताना दारातून हात हलवायची, आणि तेव्हा मात्र तिचा चेहरा मोकळा असायचा. मी निघालो याचा तिला आनंद होतो, असं मला वाटे. कदाचित तसं नसेलही. पण एसटीत बसलं की मनात दुसरं काही येत नसे.

लातुरातल्या पहिल्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी डोळा लाल झाला आणि धुरकट दिसायला लागलं. लातूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावर जखम आहे, अशीच उघडी राहिली तर फूल पडेल आणि डोळा जाईल. त्यांनीच एका शल्यतज्ज्ञाचं नाव सांगितलं. म्हातारे गृहस्थ, हैदराबादचे, महिन्यातून एकदा नांदेडजवळच्या एका दवाखान्यात येऊन ऑपरेशनं करतात. फक्त, ते जरा अडखळले, दवाखाना महारोग्यांचा आहे. त्या रोगातही चेहऱ्याची नस मरते, डोळा उघडा राहतो, म्हणून हे काम करणारे हात तिथंच तयार झाले.

मी गेलो. डॉक्टरांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून लहान मुलासारखा इकडं-तिकडं वळवला. हसायला सांगितलं, डोळा मिटायला सांगितलं, फुंकर मारायला सांगितलं. मग म्हणाले, "नस मर गई मियाँ. मरी हुई कू जगाने का इलम मेरे पास नै." माझ्या कानशिलावर बोट ठेवून त्यांनी दात दाबायला सांगितले. बोटाखाली स्नायू टणक झाला. "ये जिंदा है. चबाने की नस अलग होती. इसका एक टुकड़ा नीचे लाके पलक कू और होंट के कोने कू बांधते. दांत दबाए तो आँख मिटेगी, मुँह उठेगा."

"हसता येईल?" मी विचारलं.

"हौ. मगर दिल से नै, दाढ़ से," ते म्हणाले. "और खाते वक्त भी मुँह हलेगा. पहलेच बोलके बतारूं."

खाताना हललं तर हललं. मला पोरीसमोर हसता यायला हवं होतं, एवढंच माझ्या कानात शिरलं.

मांडीतून पांढऱ्या पडद्याची एक पट्टी काढली, कानशिलाचा स्नायू वळवून खाली आणला, पट्टीनं तो पापण्यांना आणि ओठाच्या कोपऱ्याला बांधला. मी शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याएवढं बँडेज होतं आणि मांडी चेहऱ्यापेक्षा जास्त दुखत होती. चावायचं नाही, बोलायचं नाही. पेज, ताक आणि वरणाचं पाणी. बायको एक दिवसाआड यायची, वॉर्डाच्या दारात उभी राहायची, डबा आतल्या मावशींकडे द्यायची. घरी गेल्यावर ती डोक्यावरून अंघोळ करत असे, तेही पाण्याची अशी बोंब असताना. हे तिनंच मला सांगितलं, लपवलं नाही. घरात लहान पोर आहे, मी काय करू, म्हणाली. मी मान हलवली. तिचं चुकलं असं मला वाटलं नाही, पण ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. मुलीला आणण्याचा तर प्रश्नच नव्हता.

माझ्या शेजारच्या खाटेवर हिमायतनगरकडचे एक म्हातारे होते. बोटं झडलेली, दोन्ही डोळ्यांचं हेच ऑपरेशन माझ्याआधी झालेलं. सकाळी वॉर्डातले असे सगळे जण ओसरीत ओळीनं बसायचे, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात मूठभर फुटाणे असायचे. फुटाणा दाढेखाली धरून दाबायचा, डोळा मिटायचा. सोडायचा, उघडायचा. हाच व्यायाम. कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे चावतायत आणि डोळे मिटतायत. टाके निघाल्यावर मीही त्या ओळीत जाऊन बसलो. पहिल्यांदा दात दाबले आणि दीड-दोन वर्षांनी माझा डावा डोळा मिटला. आत अंधार झाला. मी फुटाणा न सोडता तसाच बसून राहिलो आणि मला रडू आलं.

"सोडा आता, दाढ मोडंल," म्हातारे म्हणाले. मग म्हणाले, "तुमाला तोंडाचं बी करून दिलंय. माजं निस्तं डोळ्याचं. मीच नको म्हनलो."

"का?"

"हसायचं कोनापुढं? घरचं कोन येतंय हितं." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. फुटाणा चावता चावता त्यांनी विचारलं, "तुमाला हाय का कोन?"

"मुलगी आहे," मी म्हणालो.

"मग चावा," ते म्हणाले आणि त्यांच्या पुढ्यातले थोडे फुटाणे माझ्याकडे सरकवले.

मी लातूरला परतलो आणि खोलीत आरसा टांगला. रोज संध्याकाळी दार लावून आरशासमोर उभं राहायचं, दात दाबायचे, डावा कोपरा वर न्यायचा, उजवा त्याला जुळवायचा. डावा जास्त दाबला तर डोळाही मिटायचा आणि डोळा मारल्यासारखं दिसायचं. कमी दाबला तर कोपरा हलायचाच नाही. हसू यायच्या आधी हसायचं ठरवावं लागे. पावसाळा आला, थोडाफार पडला, गल्लीत टँकर यायचे बंद झाले, आणि माझं हसू बरंचसं सरळ झालं. आप्पांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच दुसरीकडे बघितलं नाही. "भाऊसाहेब, ब्येस जमलं," म्हणाले.

त्याच महिन्यात आप्पांच्या आई वारल्या. त्यांच्या रिवाजाप्रमाणे म्हातारीला नवं लुगडं नेसवून, भस्म लावून, ओसरीवर भिंतीला टेकून बसवलं होतं, आणि पुढ्यात भजन चाललं होतं. सगळा गाव त्या बसलेल्या म्हातारीचा चेहरा बघून जात होता. मीही पाहिला. शांत, दोन्ही बाजू सारख्या. त्या म्हातारीनं मला कितीदा तरी आमटी पाठवली होती. पुढे म्हातारीचे दिवस घातले, त्या जेवणाला मला पंगतीत बसवलं. आप्पा समोरच होते, डोळे सुजलेले. मी पहिला घास घेतला, आणि तोंड हसायला लागलं.

मला आधी कळलंच नाही. शेजारचा माणूस बघायला लागला, मग समोरचा. घास चावला की डावा कोपरा वर, डोळा बारीक, पुन्हा खाली, पुन्हा वर. मी चावायचं थांबवलं. तोंडातला घास तसाच गिळला, पुढचे घासही न चावता पाण्याबरोबर ढकलले. आप्पांनी आपल्या ताटाकडे नजर वळवली. त्यांना माहीत होतं, मीच सांगितलं होतं. पण त्यांची बहीण वाढता वाढता थांबली आणि तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी हात धुवायला उठलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. त्यानंतर मी कुणासमोर जेवायचं सोडलं. कचेरीत डबाही जावकाच्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून.

तरी माझा भरवसा हसण्यावर होता. ते मी कमावलं होतं, आणि पोरीला अजून दाखवलं नव्हतं. नांदेडला जाताना एसटीत सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून मी ते घोटत होतो. घरी पोहोचलो, मुलगी दारात उभी होती. मी खाली बसलो, तिच्या उंचीला आलो, दात दाबले आणि हसलो. आरशात जमायचं तितकं सरळ.

ती एक पाऊल मागे गेली. माझ्या कानशिलाकडे बघत होती, तिथं स्नायू फुगला होता, जबडा आवळला होता. तिनं हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही चिडलात?"

"नाही माय," मी म्हणालो. "हसलो."

तिनं मान हलवली, मोठ्या माणसाचं खोटं पोरं ऐकून घेतात तशी, आणि आत गेली.

मी तसाच उंबऱ्याशी बसून राहिलो. राग आला, आणि कुणाचा ते कळेना. एवढी मांडी कापली, कानशील कापलं, महिनोन् महिने त्या आरशापुढे दात आवळले, आणि माझ्या पोरीला मी तेच दिसलो. बायको म्हणाली, हातपाय धुवा, जेवून घ्या. मी म्हणालो, तुम्ही दोघी आधी जेवा. ती म्हणाली, आम्ही जेवलोय. मग मी स्वयंपाकघरात कोपऱ्यात ताट घेतलं आणि नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसलो. भाकरी होती, वाटली डाळ होती, कांदा होता. सकाळपासूनच्या प्रवासानं भूक सडकून लागली होती. मनात काही आणायचं नाही असं ठरवून मी जेवत होतो, आणि बहुतेक अर्धं जेवण झाल्यावर बाजूला काहीतरी हललं.

ती पाण्याच्या माठाजवळ उभी होती. किती वेळ ते माहीत नाही. मी वळलो, तोंडात घास होता, आणि चावणं चालूच होतं.

"बाबा," ती म्हणाली, "कशाला हसून राहिलात?"

मी थांबलो. तोंड खाली आलं. तिचा चेहराही लगेच उतरायला लागला, ते मी पाहिलं. मी पुन्हा चावायला लागलो.

"तुला बघून," मी म्हणालो. ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही.

ती एक-एक पाऊल पुढे आली. आधी चुलीपर्यंत, मग माझ्या ताटापर्यंत. माझ्यासमोर मांडी घालून बसली. माझ्या तोंडाचा कोपरा वर गेला की तिचा जायचा, माझा डोळा बारीक झाला की ती दोन्ही डोळे मिटायची आणि खुदकन हसायची. मग तिनं हात लांब केला आणि माझ्या कानशिलावर ठेवला, जिथं टाक्यांचा व्रण होता. "इथं हलतंय," म्हणाली. हात काढला नाही.

ताट रिकामं झालं होतं. पोट गच्च भरलं होतं. बायको दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. मी तिला म्हणालो, "अजून एक भाकरी वाढ."

तिला कळलं होतं की मला भूक नाही. ती आत आली आणि तिनं भाकरी वाढली. मी एक लहानसा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश, जितका वेळ पुरेल तितका वेळ, चावत बसलो.